काळाभोर कलप उतरवायचा आहे, तोही प्राण्यांवर न तपासलेल्या उत्पादनाने

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. माझे वय ५४ असून गेली ११ वर्षे मी दर पाच-सहा आठवड्यांनी घरीच केसांना कलप लावत आले आहे. नेहमीची छटा गडद तपकिरी. पुतण्याच्या लग्नाआधी ती छटा दुकानात मिळाली नाही म्हणून निव्वळ काळा कलप आणला आणि घाईत तो मुळांपुरता न लावता टोकांपर्यंत ओढला. त्याला आता सहा आठवडे झाले, तरी लग्नाच्या छायाचित्रांत चेहऱ्याभोवती दिसणारी काळी चौकट आरशातही तशीच दिसते आहे. भांगात मात्र जेमतेम दीड सेंटिमीटर पांढरी रेघ आली आहे, आणि ती पाहून मी ठरवले आहे की आता कलप कायमचा थांबवायचा.

पार्लरमध्ये विचारले तेव्हा ब्लीच हा एकच उपाय सांगण्यात आला. माझे केस मुळात बारीक आहेत, त्यामुळे ब्लीचची मला भीती वाटते. घरी वापरता येईल असे, कलपाचा रंग तेवढा काढणारे उत्पादन असते असे ऐकले आहे. ते खरे आहे का? माझी एक अट आहे. आमच्या घरी नऊ वर्षे दोन ससे होते. ज्या वस्तूसाठी कुठल्यातरी प्रयोगशाळेत सशाच्या डोळ्यांत रसायने घातली गेली असतील, ती वस्तू मला माझ्या डोक्याला लावायची नाही. खोक्यावरच्या दाव्याची शहानिशा कशी करावी, हेही कृपया सांगावे.

निळीशाई

होय, असे उत्पादन असते, आणि ते ब्लीचपेक्षा मुळातच वेगळे असते. मी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कायमस्वरूपी कलपाच्या खोक्यात दोन गोष्टी असतात. एका नळीत पॅरा-फेनिलीनडायअमीन किंवा त्याच्या जातकुळीतले रेणू आणि त्यांच्यासोबत अमोनिया असतो. दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड. लावण्यापूर्वी हे रेणू लहान आणि जवळजवळ रंगहीन असतात. अमोनियामुळे केस फुगतो, त्याच्यावरची खवल्यांसारखी आवरणे सैल होतात आणि रेणू आत शिरतात. आत पेरॉक्साइडमुळे त्यांचे ऑक्सिडीकरण होते, ते एकमेकांना जोडले जातात आणि रंगीत होतात. जोडणीनंतर रेणू इतका मोठा होतो की आल्या वाटेने त्याला बाहेर पडता येत नाही. शांपूने कलप जात नाही तो यामुळेच.

ब्लीच म्हणजे आणखी ऑक्सिडीकरण. पर्सल्फेट आणि पेरॉक्साइड मिळून कलपाचा रंग तोडतात, पण त्याबरोबर केसातले मेलॅनिन हे नैसर्गिक रंगद्रव्यही तोडतात आणि केस ज्याचा बनलेला असतो त्या केराटिन या प्रथिनालाही झळ पोहोचवतात. कलप उतरवणारे उत्पादन बरोबर उलट दिशेने जाते. त्यात गंधकयुक्त क्षपणक, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया घडवणारा पदार्थ असतो; सोडियम हायड्रॉक्सीमिथेनसल्फिनेट हे त्यांतले एक नाव घटकांच्या यादीत शोधता येईल. हा क्षपणक रंगीत रेणूचे क्षपण करून त्याला पुन्हा रंगहीन करतो. मेलॅनिनला तो हात लावत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. रंगहीन झालेला रेणू अजून केसातच असतो. आम्ही वर्गात एक प्रयोग दाखवत असू: पाण्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले की पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. त्यात चिमूटभर क जीवनसत्त्वाची पूड टाकली की ते स्वच्छ होते. मुलांना वाटे आयोडीन गेले. पण ते गेलेले नसते, त्याचे आयोडाइड झालेले असते. त्याच पाण्यात पुरेसे पेरॉक्साइड ओतले की थोड्या वेळाने रंग परत येतो. केसाचेही तसेच आहे. रंगहीन रेणू भरपूर पाण्याने बाहेर काढला नाही, तर हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा गडद होतो, आणि वरून पेरॉक्साइडचा कलप लावला तर लगेच होतो. बाटलीतले औषध अर्धेच काम करते. उरलेले अर्धे काम नळाचे पाणी करते.

गोदाकाठ (धागाकर्ती)

इतके स्पष्ट कुणी सांगितले नव्हते. मग माझे केस मूळ रंगावर येतील का?

निळीशाई

जे केस पांढरे झाले आहेत त्यांत मेलॅनिन नाहीच, त्यामुळे ते पांढरे किंवा पिवळसर पांढरे दिसतील. जे केस अजून काळे आहेत त्यांच्यातले मेलॅनिन मात्र प्रत्येक कलपातल्या पेरॉक्साइडने थोडेथोडे फिके केलेले आहे. ती हानी क्षपणाने भरून निघत नाही. ते केस तांबूस दिसतील, आणि हा तांबूसपणा उत्पादनाने आणलेला नसून कलपाखाली इतकी वर्षे झाकलेला होता, असे समजावे.

करवीरची केशरचना

ताई, मी कोल्हापुरात २२ वर्षे पार्लर चालवते. वर सरांनी सांगितलेले सगळे बरोबर आहे, पण आमच्याकडे पहिला प्रश्न वेगळा असतो. तुमच्या केसांत आजवर काय काय गेले आहे? खोक्यातल्या क्रीमच्या कलपावर हे उत्पादन चालते. मेंदीवर ते चालत नाही, कारण मेंदीतला लॉसोन हा घटक केराटिनलाच चिकटतो आणि त्याला सोडवणारे घरगुती औषध नाही. काळी मेंदी म्हणून जी पूड मिळते तिच्यात बहुतेक वेळा मेंदीबरोबर पॅरा-फेनिलीनडायअमीन आणि बेरियम पेरॉक्साइड असते, त्यामुळे काळेपणा उतरतो आणि खाली मेंदीचा नारिंगी रंग उघडा पडतो. मग बायका घाबरतात आणि औषधाला दोष देतात. निळ्या-जांभळ्या फॅशनच्या रंगांवरही त्याचा भरवसा धरू नये, कारण त्या रंगांची घडणच वेगळी असते.

सगळ्यांत धोक्याचे म्हणजे धातूंचे क्षार असलेले जुन्या पद्धतीचे रंग, जे रोज थोडे लावले की हळूहळू केस काळे होतात. त्यांची खूण अशी: कंगव्यात निघालेल्या केसांची छोटी बट काचेच्या पेल्यात ६ टक्के पेरॉक्साइडमध्ये घालायची, त्यात अमोनियाचे थोडे थेंब टाकायचे आणि अर्धा तास ठेवायची. पेला गरम झाला, बुडबुडे सुटू लागले किंवा बट विरघळू लागली, तर केसांत धातू आहे आणि घरी काहीही करू नये.

आणखी एक इशारा, कारण आमच्या भागात हा प्रकार मी पाहिला आहे. गुऱ्हाळावर गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही जण हायड्रोस पावडर टाकतात. तेही क्षपणकच, सोडियम हायड्रोसल्फाइट. "तेच ते रसायन आहे, स्वस्तात मिळते" असे म्हणून एका मुलीने ते पाण्यात कालवून केसांना लावले होते. ओलावा लागला की ही पावडर तापते. तिच्या कानामागची कातडी सोलवटून निघाली होती. कापडाच्या छपाईत वापरतात ते रोंगालाइट म्हणजे सरांनी सांगितलेले सोडियम हायड्रॉक्सीमिथेनसल्फिनेटच, पण तेही डोक्यासाठी बनवलेले नसते. नाव सारखे असले तरी प्रमाण, आम्लता आणि शुद्धता यांची हमी फक्त केसांसाठी बनवलेल्या उत्पादनात असते.

गोदाकाठ (धागाकर्ती)

धातूचा रंग कधीच लावलेला नाही. काळी मेंदी सुमारे सहा वर्षांपूर्वी दोनदा लावली होती. आता केस खांद्याच्या थोडे खाली आहेत.

करवीरची केशरचना

मग चिंता नको. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. खांद्यापर्यंतच्या केसाचे टोक फार तर अडीच-तीन वर्षांचे असते. ती मेंदी कधीच कात्रीखाली गेली.

मधुमालती

क जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून शांपूत मिसळून लावतात, तो उपाय कसा आहे? त्यात प्राण्यांचा प्रश्नही येत नाही.

निळीशाई

एस्कॉर्बिक आम्ल हेही क्षपणक आहे, परंतु सौम्य. कलप दोन-तीन दिवसांपूर्वीच लावला असेल तर छटा थोडी हलकी होते. सहा आठवड्यांच्या काळ्या कलपावर विशेष फरक पडणार नाही. करायचेच असेल तर चघळायच्या नारिंगी गोळ्या घेऊ नयेत, त्यांत साखर आणि रंग असतो. साधी पूड घ्यावी. खायचा सोडा आणि भांड्यांचा साबण हे उपायही सांगितले जातात, पण टाळूची प्रकृती किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा तिच्या उलट. त्याने केस राठ होतात, रंग तिथेच राहतो. आणि फरशी पुसायच्या ब्लीचचा, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचा विचार चुकूनही मनात आणू नये. त्याने केस विरघळतो.

पर्वतीपायथा

धागाकर्तींच्या अटीबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

सशाच्या डोळ्यांची ती चाचणी जॉन ड्रेझ या अमेरिकी विषशास्त्रज्ञाच्या नावाने १९४४ पासून ओळखली जाते. सशाला माणसापेक्षा कमी अश्रू येतात, त्यामुळे डोळ्यातला पदार्थ लवकर धुऊन निघत नाही, हे वाचल्यावर मी कित्येक दिवस अस्वस्थ होते. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास मे २०१४ मध्ये बंदी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अशी चाचणी झालेली प्रसाधने आयात करण्यासही मनाई झाली. युरोपीय संघात विक्रीवरची बंदी ११ मार्च २०१३ पासून पूर्णपणे लागू आहे.

त्यामुळे भारतात बनलेल्या खोक्यावर "प्राण्यांवर चाचणी केलेली नाही" असे छापलेले असेल, तर कंपनीने कायद्यापलीकडे काही केले आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. विचारायचे ते हे की तीच कंपनी इतर देशांत काय करते आणि तिचे कच्चे माल पुरवणारे काय करतात. चीनचे उदाहरण आपल्या विषयाला थेट लागू पडते. तिथे १ मे २०२१ पासून साध्या आयात प्रसाधनांना काही अटींवर प्राणिचाचणीतून सूट मिळू शकते. पण केसांचा रंग तिथे विशेष प्रसाधनांच्या वर्गात मोडतो आणि त्या वर्गाला ही सूट नाही. म्हणजे ज्या कंपनीचे कलप उतरवणारे उत्पादन निर्दोष आहे, तिचाच कलप चीनच्या दुकानांत विकला जात असेल, तर तुमचे पैसे कुठे जातात याचा विचार करावा लागेल.

चिन्हांपैकी उडी मारणाऱ्या सशाचे लीपिंग बनी हे चिन्ह मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण त्यासाठी कंपनीला एक ठराविक तारीख जाहीर करून त्यानंतर पुरवठादारांकडूनही चाचणी होणार नाही अशी व्यवस्था ठेवावी लागते आणि त्रयस्थांकडून तपासणी करून घ्यावी लागते. नुसते सशाचे चित्र कुणीही छापू शकते. खोक्यावरचे चित्र पाहून न थांबता संस्थेच्या यादीत कंपनीचे नाव पाहावे.

एक शेवटचे. हिरवा ठिपका किंवा "शाकाहारी" हा शब्द घटकांविषयी सांगतो, चाचणीविषयी नाही; आणि उलटही खरे आहे. या खोक्यांत शेवटी लावायला जे कंडिशनर असते त्यात केराटिन असेल तर ते बहुधा लोकर, शिंगे किंवा पिसे यांपासून काढलेले असते. रेशमाची प्रथिनेही असू शकतात. आपल्या पुण्यातली ब्यूटी विदाउट क्रूएल्टी ही संस्था १९७४ पासून या क्षेत्रात आहे आणि प्राणिजन्य घटकांविषयी माहिती प्रसिद्ध करते. तिचा उपयोग करून घ्यावा.

थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे औषधांच्या दुकानात ही उत्पादने सहज मिळतात आणि मी दोनदा वापरली आहेत. पहिल्या वेळी झालेली चूक सांगते. रंग झरझर उतरला, केस छान तपकिरी दिसू लागले, म्हणून मी पाच-सात मिनिटांत धुणे आटोपले. रात्री ठीक होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर हलका कलप लावला आणि अर्ध्या तासात केस पूर्वीपेक्षाही काळे झाले. त्या वेळी मला वाटले की उत्पादन खोटे आहे. आता वरचा आयोडीनचा प्रयोग वाचून नेमके काय घडले ते कळले. दुसऱ्या वेळी घड्याळ लावून वीस मिनिटे नुसते पाणी सोडले, आणि रंग परत आला नाही.

वासाबद्दल मात्र मनाची तयारी ठेवा. कुजलेल्या अंड्यासारखा वास असतो आणि केस ओले झाले की तीन-चार दिवस तो पुन्हा येतो. दम्याचा त्रास असेल तर सल्फाइटमुळे तो वाढू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे आणि खिडकी उघडी ठेवावी. चांदीचे दागिने काढून ठेवावेत, ते काळवंडतात.

करवीरची केशरचना

कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबायला विसरू नका. कलपाच्या खोक्यावरही ही सूचना असते, आणि भुवया-पापण्यांना लावल्यास अंधत्व येऊ शकते ही सूचनाही असते. या उत्पादनाच्या बाबतीतही ती पाळावी. टाळूला ओरखडा किंवा फोड असेल तर तो बरा होईपर्यंत थांबावे.

गोदाकाठ (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. उशिराबद्दल क्षमस्व.

उत्पादन शोधण्यातच दहा दिवस गेले. पर्वतीपायथा यांनी सांगितल्याप्रमाणे दोन कंपन्यांना पत्रे लिहिली. एकीने गोलमोल उत्तर दिले. दुसरीने पुरवठादारांबद्दलचे धोरण आणि चिन्हाची नोंद दोन्ही कळवले, आणि तिची नोंद संस्थेच्या यादीतही सापडली. कंडिशनरच्या घटकांत केराटिन नव्हते. कोपरावर चाचणी घेतली, दोन दिवस थांबले, मग मानेजवळची एक बट करून पाहिली आणि त्यानंतरच रविवारी सकाळी बसले.

केस आदल्या दिवशी शिकेकाईने धुऊन पूर्ण वाळवले होते आणि तेल लावले नव्हते. दोन्ही बाटल्या एकत्र केल्यावर मिश्रण लगेच वापरायचे असल्यामुळे यजमानांना पाठीमागचे भाग करण्यासाठी आधीच बसवून ठेवले होते. मुळांजवळचा वाढलेला पांढरा भाग सोडून बाकी सगळ्या केसांना ते भिजेल इतके लावले, वर प्लास्टिकची टोपी घातली आणि त्यावर कोमट पंचा गुंडाळला. माहितीपत्रकात काळ्या रंगासाठी सांगितलेला एक तास पूर्ण केला. चाळीस मिनिटांनी टोपीची कड उचलून पाहिली तेव्हा कानाजवळची बट ताज्या काथ्याच्या रंगाची झाली होती. मी ती बोटांत धरून तशीच उभी राहिले.

मग धुणे. न्हाणीघरात शॉवर आहे, पण मी मुद्दाम बादली-तांब्या घेतला, म्हणजे पाणी किती गेले ते कळावे. पहिल्या तांब्याचे पाणी पांढऱ्या टाइल्सवर जवळजवळ रंगहीन पडले, त्यामुळे क्षणभर शंका आली की काहीच निघत नाही. नंतर आठवले की निघणारे रेणू रंगहीनच असणार. कोमट पाण्याच्या सहा बादल्या आणि घड्याळाप्रमाणे पंचवीस मिनिटे लागली. मधेमधे खोक्यातल्या शांपूने तीनदा धुतले. हात भरून आले होते, तरी थांबले नाही.

आता परिस्थिती अशी आहे. कानशिले आणि भांगाच्या दोन्ही बाजू पिवळसर पांढऱ्या आहेत आणि मुळांच्या पांढऱ्या रेघेत जवळजवळ मिसळून गेल्या आहेत. मागचे केस तांबूस आहेत, सरांनी सांगितले होते तसेच. त्या रविवारपासून आजवर काळेपणा परतलेला नाही. केस पहिले चार-पाच दिवस कोरडे होते, आता खोबरेलाने मऊ झाले आहेत. वास पाचव्या दिवशी गेला. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि "आता तू माझ्यासारखी दिसतेस" असे म्हणाल्या. मला ते फार आवडले.

एकच प्रश्न उरला आहे. मागचा तांबूसपणा कमी करण्यासाठी काय करावे? पुन्हा पेरॉक्साइड वापरायचे नाही.

करवीरची केशरचना

वाचून आनंद झाला, ताई. अजून पंधरा दिवस काही लावू नका. केस आता रंग पटकन धरतात आणि हवी त्यापेक्षा गडद छटा येते. त्यानंतर पेरॉक्साइड नसलेला, निळ्या छटेचा कंडिशनर मिळतो, तो फक्त मागच्या तांबूस भागाला लावा. निळा नारिंगीला मारतो. कानशिलांच्या पिवळसरपणासाठी जांभळी छटा घ्यायची, आणि तीही दोन-तीन मिनिटेच, नाहीतर पांढऱ्या केसांवर जांभळी झाक राहते. मेंदीचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती पुन्हा उतरवता येणार नाही. दर दोन महिन्यांनी टोके अडीच सेंटिमीटर कापत गेलात, तर तेवढीच वाढ मुळाशी होईल आणि लांबी कायम राहून तांबूस भाग खालून कमी होत जाईल. निळा कंडिशनर घेण्याआधी घटकांची यादी इथे लिहा, पर्वतीपायथा ती पाहतील.

पर्वतीपायथा

अवश्य लिहा. कंपनीचे नाव आणि खोक्याच्या मागच्या बाजूचा पूर्ण मजकूर द्या, मी त्याच दिवशी तपासून कळवते.